शाळेच्या वरचं तळं

मंगळवार, ४

वखारीच्या मागे ओंडक्यांची रास असायची. दुपारी बाबा जेवून आडवे झाले की मी आणि धाकटा भाऊ तिच्यावर चढायचो. तो डोळे मिटून बसायचा, मी एकेक ढलपी त्याच्या नाकाशी धरायची आणि तो वासावरून झाड सांगायचा. चुकला तर त्याने मला गोष्ट सांगायची, बरोबर आला तर माझी वेणी ओढायची, असा करार. त्या उन्हाळ्यात मला एकही गोष्ट ऐकायला मिळाली नाही आणि माझी एक वेणी दुसरीपेक्षा लांब झाली, असं आई म्हणायची.

आज सकाळी खिडकी उघडली आणि तोच वास आला. पण ढलपीचा नाही, अख्ख्या डोंगराचा. वादळाला अकरा दिवस झाले तरी तो वाढतोच आहे. बाबांनी लावलेलं आणि भावाने राखलेलं जंगल एका दिवसात झोपलं. सगळी झाडं एकाच दिशेला डोकं करून पडली आहेत, बोर्डिंगमध्ये दिवे मालवल्यावर आम्ही मुली पडायचो तशी.

भाऊ बोलत नाही. लहानपणी झाडावर सरसर चढायचा म्हणून आम्ही त्याला खारू म्हणायचो. आता छप्पन्न वर्षांचा आहे, केस पिकलेत, तरी माझ्या तोंडी खारूच. काल भावजय मला हळूच म्हणाली, "वन्सं, हे ताटातल्या भाताशी बोलतात, माझ्याशी नाही. तुम्ही तरी काही विचारा." मी विचारलं. तो म्हणाला, "काय सांगू ताई, मोजतोय." काय मोजतोय ते मी विचारलं नाही.

म्हणून मी कालपासून शाळेतल्या मदतीच्या टेबलावर बसते. घर पडलेल्या अकरा कुटुंबांना शाळेतच ठेवलं आहे, सदतीस माणसं. एका वर्गात बायका, एकात पुरुष, तिसऱ्यात आमचं टेबल. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या बाईला अर्ज नवे नाहीत. इथे अर्ज दोन प्रकारचे. ज्यांचं जंगल पडलं त्यांचा झाडांचा अर्ज, आणि जंगलाकडे जाणारे रस्ते उघडण्यासाठी रस्त्याचा अर्ज. रस्ता उघडल्याशिवाय लाकूड खाली येत नाही आणि लाकूड खाली आल्याशिवाय या खोऱ्यात कुणाचंही पान हलत नाही.

गुरुवार, ६

रस्ते खात्याची इंजिनियर आली. तिला सगळे रस्तेवाली म्हणतात. पस्तिशीची असेल, गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज मात्र परेड घेणाऱ्याचा. चार खोऱ्यांचे रस्ते एकटीकडे आहेत. उभ्या उभ्या चहा प्यायली आणि माझे अर्ज चाळून म्हणाली, "मावशी, अक्षर काय सुंदर हो तुमचं! माझ्या कचेरीत असं एक जरी असतं ना!"

मी सुखावले. आमच्या बोर्डिंगच्या शाळेत थोरल्या सिस्टर म्हणायच्या, अक्षर नीट असलं की माणूसही नीट आहे असं लोक धरून चालतात, म्हणून अक्षर नीट ठेवा आणि मग स्वतःला जपा. त्याचा दुसरा अर्धा भाग मला कधी कळला नाही.

रस्तेवालीने रस्त्याच्या अर्जातल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मोरी मोकळी." म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी जो नळ असतो तो साफ आहे का. "हा रकाना तुमचा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय इथे बरोबरची खूण करायची नाही. आधी पाणी, मग रस्ता, मग लाकूड. पाण्याला आपण वाट दिली नाही तर ते स्वतःची काढतं, आणि कुणाला विचारून काढत नाही."

"आणि खूण नसली तर?"

"तर मी स्वतः येऊन बघते. खूण असली की रस्ता लगेच उघडा; त्यांच्याकडे मी शेवटी जाते, नसलेल्यांकडे आधी. एकटी आहे मी, मावशी, चार हात नाहीत मला."

जाताना तिने माझं पेन नेलं. परत मागायला संकोच वाटला.

रविवार, ९

करवतमामा आज टेबलापाशी तासभर बसले. साठीचे आहेत, घर पडल्यामुळे तेही शाळेतच राहतात, आयुष्यभर करवतीच्या आवाजात काढल्यामुळे ओरडूनच बोलतात. ते खारूच्या जंगलात पडलेली झाडं कापून मोकळी करताहेत. म्हणाले, "ताईसाहेब, काल एक मेलेलं झाड उठून उभं राहिलं."

मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. मुळांसकट उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की वरचं ओझं जातं आणि मुळांचा तो मातीसकटचा भला मोठा चकता धाडकन मागे जाऊन आपल्या खड्ड्यात बसतो. बुंधा पुन्हा सरळ उभा. खड्ड्यात कुणी असेल तर गेला. "तुमचे बंधू दोन मिनिटांपूर्वी त्याच खड्ड्यात उतरून मुळं बघत होते. टोपी राहिली त्यांची आत."

"मग आता?"

"आता टोपी झाडाची."

स्वतःच हसले. मग सांगितलं ते वेगळंच. पडलेलं लाकूड उन्हात तापतंय. सालीखाली भुंगेरे शिरायला लागलेत. महिनाभरात आतून निळं पडेल, मग फळ्या होत नाहीत, नुसतं सरपण. फळ्या पाडणाऱ्या गिरण्यांकडे तर एवढं लाकूड एकदम घेण्याची ताकद नाही. अख्ख्या खोऱ्यातल्या चौदा मालकांचं चाळीस वर्षांचं पीक एकाच दिवशी कापणीला आलंय, असं समजा.

खारू काय मोजतोय ते मला आज कळलं. दिवस.

बुधवार, १२

आजचा दिवस मला लिहून ठेवायचाच आहे.

सकाळी खारूबरोबर वरच्या रस्त्यावर गेले. गुडघा कुरकुरत होता, पण तो "ये ना" म्हणाला आणि इतक्या दिवसांत त्याने काही मागितलं हे पहिल्यांदाच. शाळेपासून चढावर चारशे पावलांवर रस्ता ओढा ओलांडतो, मातीच्या उंच भरावावरून. खाली मोरी आहे. वादळात आलेल्या फांद्या, मुळं, गाळ यांनी मोरीचं वरचं तोंड गच्च बुजलं आहे, आणि भरावाच्या वरच्या अंगाला ओढ्याचं चक्क तळं झालंय. शांत, हिरवं, आभाळ धरून बसलेलं.

खारू म्हणाला, "हे उपसायला दोन दिवस मशीन लागेल. रस्तेवालीचं पहिलं काम हेच."

आणि मला बाबा आठवले. मी सात-आठ वर्षांची असताना एक लहान वादळ आलं होतं. तेव्हा बाबांनी पडलेले ओंडके गिरणीच्या तळ्यात सोडून दिले होते. पाण्यात बुडालेल्या लाकडाला भुंगेरा लागत नाही, ते तडकत नाही, निळं पडत नाही. पुढच्या वर्षी काढलं तेव्हा ताजंच्या ताजं.

मी एवढंच म्हटलं, "खारू, बाबांनी काय केलं असतं रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग भरावाच्या काठावर खाली बसला आणि हसायला लागला. त्याचे डोळे भरून आले होते. "ताई," म्हणाला, "अगं ताई, आपण याला उपसायला निघालो होतो!"

दुपारी शाळेत चौदाही मालक जमले. मोरी सहा महिने तशीच ठेवायची, तळ्यात सगळ्यांचे ओंडके सोडायचे, प्रत्येकाने आपल्या रंगाचा पट्टा मारायचा. एकाही माणसाने नको म्हटलं नाही. कुणीतरी म्हणालं, "पाणी फार वाढलं तर?" खारू म्हणाला, "ओढा आटत चाललाय. पावसाळा संपला. वाढून वाढून किती वाढेल?" करवतमामा ओरडले, "ताईसाहेबांचं तळं! आजपासून हेच नाव."

संध्याकाळी भावजयीने मला दुसऱ्यांदा चहा करून दिला, न विचारता. खारू जेवला. भाताशी न बोलता जेवला.

शनिवार, १५

रकाना.

तळ्यात ओंडके आणायचे तर ट्रक भरावावरून जायला हवेत. ट्रक जायचे तर रस्त्याचा अर्ज पुरा व्हायला हवा. क्रमांक सात. बाकी सगळे रकाने भरून झाले, शेवटचा उरला.

मी खारूला म्हटलं, "खूण न करता पाठवते. ती येऊन बघेल."

"बघेल आणि पहिल्यांदा मोरी उपसायला लावेल. कागदावर तिचं बरोबरच आहे. पण ताई, कागदाला भुंगेरे लागत नाहीत."

"तिने मला डोळ्यांनी बघून कर म्हणून सांगितलंय."

"मग बघ की. मी कुठे नको म्हणतो?"

आम्ही खालच्या बाजूने गेलो. मोरीच्या खालच्या तोंडातून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार, पण येत होतं. खारू म्हणाला, "जातंय ना पाणी? मग अगदीच बंद कशी म्हणणार?"

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मनात दोन्ही बाजू मांडल्या. धार आहे हे खरं. वरचं तोंड बुजलं आहे हेही खरं. अर्जात 'थोडी मोकळी' असा रकाना नाही. चौदा घरांचा प्रश्न आहे. आणि माझा भाऊ आहे. त्याला मी त्या खड्ड्याकाठी बघितलं नाही, पण करवतमामांनी सांगितल्यापासून रोज बघते.

मी खूण केली. शाईने. अर्ज तीनच्या मोटारीने गेला.

घरी आल्यावर हात दोनदा धुतले. शाई लागली होती म्हणून.

सोमवार, १७

पहिले ट्रक आले. ओंडका पाण्यात पडतो तेव्हा आवाज मोठा होत नाही, पोटातून आल्यासारखा येतो. लाल पट्टा खारूचा. शाळेतली मुलं कठड्यावर बसून रंग मोजत होती. तळ्यावर बदकं आली आहेत, नऊ. इतक्या पडझडीत एवढं सुंदर काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, १९

शाळेच्या आवारातली विहीर चार वर्षं कोरडी होती. आज तिला पाणी आलं! एका बाईने सवयीने डोकावलं आणि किंकाळीच फोडली. सगळ्या बायका धावल्या. कुणी हात जोडले, कुणी हसलं. पाणी गढूळ आहे, चहात बोटभर दूध घालावं तसं, पण निवळेल. टँकरची वाट बघायला नको, हे काय थोडं झालं?

भावजयीने त्या पाण्यात चादरी धुतल्या. त्या पिवळट निघाल्या. "वन्सं, या विहिरीने माती खाल्लीय वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, "चार वर्षं उपाशी होती, खाऊ दे."

येताना भरावाच्या पायथ्याशी गवत बघितलं. इतर सगळीकडे वाळलंय, तिथे मात्र हिरवंगार, कोवळं. त्यातून जवळच्या वाटेने आले तर चप्पल रुतून बसली. एक चप्पल हातात घेऊन घरी आले, शाळेतल्या कुण्या मुलीसारखी.

शुक्रवार, २१

चौदाच्या चौदा जणांचं लाकूड तळ्यात आलं. आता पाणी दिसतच नाही, नुसते ओंडके, काठापासून काठापर्यंत. वाऱ्याने एकमेकांवर घासतात. शाळेत खिडकीपाशी बसलं की ऐकू येतं, झोपेत कुणीतरी दात खातंय तसं.

भरावावरच्या रस्त्याला भेग पडली आहे. लांब, सरळ, रस्त्याच्या कडेने जाणारी, एवढी खोल की माझी पट्टी उभी आत गेली. करवतमामा म्हणाले, "रस्त्याला सुरकुती पडली, ताईसाहेब. वय झालं." त्यांच्या माणसांनी त्यात भुसा भरला आणि वरून पाणी मारलं. भुसा फुगतो, भेग बंद होते. लाकडाची भेग ते आयुष्यभर अशीच बुजवत आले आहेत. छान बुजली. वरून पाहिलं तर कळणारही नाही.

एका ट्रकवाल्याने मात्र चहा पिताना सांगितलं, "तुमचा तो रस्ता गादीसारखा लागतो हो. चाक दबतं आणि वर येतं." तो हसत होता, पण त्याने रिकामा ट्रक लांबच्या वाटेने नेला.

टपालाने रस्तेवालीचं पत्र आलं. सोबत माझं पेन. लिहिलं होतं: क्रमांक सातची मोरी मोकळी असल्याने तुमचा रस्ता शेवटच्या फेरीत घेतला आहे, सत्तावीस तारखेच्या पुढे येते, खूण नसलेल्या बावीस मोऱ्या आधी बघायच्या आहेत, तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं असते तर माझं काम निम्मं झालं असतं.

पत्र मी तीनदा वाचलं. मग घडी करून उशीखाली ठेवलं, आणि मग तिथून काढून कपाटात.

रविवार, २३

रेडिओवर पावसाचा अंदाज. मंगळवार, बुधवार. हलका ते मध्यम.

मी खारूशी बोलायला गेले. तो अंगणात करवतीला धार लावत होता.

"खारू, पाणी भरावाच्या माथ्यापासून हातभर खाली आहे. मी काठी रोवून बघितली. परवा दीड हात होतं."

"ओंडके टाकल्यावर पाणी वर येणारच ना? बादलीत दगड टाकला की येतं."

"ओंडके टाकून झाले. शुक्रवारीच झाले."

कानस थांबली नाही.

"मी रस्तेवालीला कळवू का?"

"काय कळवणार? मी खोटी खूण केली म्हणून?" मग त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. कानस खाली ठेवली. "ताई, गुरुवारी मोठ्या गिरणीचे ट्रक येताहेत. निम्मं लाकूड उचलतील. तळं आपोआप उतरेल. चार दिवस, ताई. चारच. तुझीच तर कल्पना होती, आणि मी तुला सांगतो, बाबांनंतर या घरात एवढी चांगली कल्पना कुणाला सुचली नव्हती."

या माणसाला कसं बोलावं हे मला छप्पन्न वर्षांत कळलेलं नाही. तो लाडीगोडी लावत नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं. मी चार दिवस कबूल केले.

चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला लहानपणी उभी राहायचे तसं दुपारभर वाटत होतं. काय सांगायचं ते ठरलेलं आणि जीभ टाळ्याला चिकटलेली.

बदकं गेली. कधी गेली कळलं नाही.

मंगळवार, २५. सकाळ

पहाटे पावसाला सुरुवात झाली. हलका नाही.

मी छत्री घेऊन आधी शाळेत गेले. विहीर भरून वाहते आहे. आवारात पाणी, आणि ते पाणी चहाच्या रंगाचं नाही, मातीच्याच रंगाचं आहे. माणसं उंबऱ्यावर फडकी लावून बसली होती. एक आजोबा म्हणाले, "दुष्काळातून सुटका झाली म्हणावं तर हा असा पाहुणा."

मग मोरीच्या खालच्या तोंडाशी गेले. धार बंद आहे. मोरी ठणठणीत कोरडी. पण तिच्या शेजारी, भरावाच्या मातीतूनच, मनगटाएवढं पाणी उसळतंय. गढूळ. त्यात भुसा होता. वर रस्त्याच्या भेगेत भरलेला भुसा. तो खालून येत होता.

मी ते हातात घेऊन बघितलं. भुसाच होता.

पोस्टातून फोन लावला. माझ्या जागेवर आता बसते त्या मुलीने चार वेळा प्रयत्न केला तेव्हा लागला. मी भुशाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. रस्तेवाली म्हणाली, "पण मोरी मोकळी आहे ना? तुमची खूण आहे, मावशी."

मी म्हटलं, "नाही. नव्हती. मी खूण केली तेव्हाही नव्हती."

पलीकडे पावसाचा आवाज येत होता, तिच्याकडेही पडत असावा. ती ओरडेल असं मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "खाली शाळेत किती माणसं आहेत?"

"सदतीस."

"बाहेर काढा. सामान नाही, माणसं. टेकडीवर न्या. भरावावर कुणाला जाऊ देऊ नका. मी निघते, पण मला तीन तास लागतील." आणि फोन ठेवण्याआधी, "मावशी, तुम्हीसुद्धा."

सकाळीच, नंतर

खारूला सांगितलं. टोपी शोधायला त्याचा हात वर गेला, टोपी नव्हती. माती उपसायचं मशीन घेऊन भरावाकडे गेला. मी म्हटलं, ती म्हणाली कुणी जायचं नाही. तो म्हणाला, "तळ्यात लाल पट्टा सगळ्यात जास्त आहे ताई, माझा."

त्याचं म्हणणं असं: भरावाच्या पलीकडच्या टोकाला खडक आहे. तिथून पाण्याला हळूहळू वाट काढून दिली तर भराव सुटणार नाही, तळं उतरेल. पण ती वाट काढली की पाणी आधी शाळेच्या आवारात येणार. म्हणून शाळा रिकामी होईपर्यंत तो थांबून आहे. रिकामी झाली की मी शाळेची घंटा वाजवायची. घंटा ऐकली की तो पहिलं फावडं मारणार. तोवर तो मशीनवर बसून आहे, त्या गादीवर.

अकरा वाजले असावेत

चौतीस माणसं टेकडीवर गेली. भावजयीने त्यांना पुढे घातलं. ही बाई एरवी मांजराला हाकलत नाही, आज सगळ्यांवर ओरडत होती. उरली तीन. खाटेवरची एक म्हातारी, तिचा मुलगा आणि करवतमामा. ते दोघं खाट उचलून निघालेत, मला खिडकीतून दिसताहेत, हळू जाताहेत, चिखल आहे. ते वरच्या दगडापर्यंत पोचले की मी वाजवीन. करवतमामा म्हणाले, "ताईसाहेब, म्हातारीला ठेवून मी तुम्हाला न्यायला येतो." मी नको म्हटलं. घंटेपासून टेकडीचा पायथा दोनशे पावलं आहे. एक गुडघा दुखतो, दुसरा चांगला आहे. शिवाय पाणी काही टपालाच्या गाडीसारखं वेळेवर येत नाही, वाटेत रेंगाळेल.

तेवढ्या वेळात हे लिहून ठेवते. वही आणि सगळे अर्ज मेणकापडात गुंडाळून घंटेच्या खांबावरच्या कपाटात ठेवीन. ज्याला सापडेल त्याने एवढं करावं.

रस्त्याचा अर्ज क्रमांक सात, आमची प्रत, रस्तेवालीला. खूण मी खोडलेली नाही. खाली 'मोरी बंद' लिहून आजची तारीख घातली आहे, सही केली आहे. तिचं पत्रही सोबत. आणि पेन, या वेळी मी दिलंय.

झाडांचे चौदा अर्ज करवतमामांना. त्यांना वाचता येत नाही, पण कुठला रंग कुणाचा हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि लाकूड खाली कुठे कुठे जाऊन पडेल ते शोधताना रंगच कामाला येतील. अर्ज वाचायला पोस्टातली मुलगी बसेल.

सदतीस नावांची यादी भावजयीला दिली आहे. टेकडीवर गेल्यावर भावजयीने एकेकाला नावाने हाक मारावी. कुणी 'हो' म्हटल्याशिवाय पुढचं नाव घेऊ नये.

ही वही भावजयीला. तिने वाचावी. पंधरा आणि तेवीस तारीख वाचून ती नवऱ्यावर चिडेल. तर तिला सांगावं की शेवटी शाई माझी होती, आणि मी चार दिवस स्वतः कबूल केले होते. माझ्या खोलीतला आरसा आणि दोन शाली तिच्या. तिसरी, राखाडी, त्या म्हातारीला; खाटेवर तिला पांघरायला काहीच नव्हतं.

घराच्या किल्ल्या दाराच्या वरच्या फळीवर.

पुस्तकं शाळेला, शाळा राहिली तर. नाहीतर जिथे मुलं बसतील तिथे.

खाट दगडापाशी पोचली. मामांनी हात वर केला.

मागच्या वर्गात बाकावर खारूचे कोरडे कपडे आणि टॉवेल होते, ते मी सकाळी आणून ठेवले होते. ते पिशवीत घालून भावजयीकडे पाठवले आहेत. ते कुणालाही देऊ नयेत, कितीही भिजलेलं माणूस आलं तरी. तो खाली उतरेल तेव्हा गारठलेला असेल. त्यालाच द्यावेत.